माळकरी आईला घेऊन थाई हॉटेलात

संभाजीनगरात थाई म्हणून बऱ्याच ठिकाणी नारळाच्या दुधातली चायनीज भाजीच मिळते, हिरवी दिसली की झाली ग्रीन करी. परवा मात्र एका छोट्या हॉटेलात खरंखुरं थाई जेवलो अन् तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलोय.

आई माळकरी, त्यामुळं आधी फोन करून सगळं विचारून घेतलं. हे सगळ्याच शाकाहारी लोकांनी करा, मेनूवर व्हेज लिहिलेलं असलं तरी करा. थाई स्वयंपाकात खारटपणा येतो तो फिश सॉसनं, म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांच्या रसानं, अन् करीच्या वाटणातच आंबवलेली कोळंबी असते, मग वरून टोफू टाका नाहीतर पनीर टाका. तयार पेस्टमधी ती आधीच असली तर काढणार कशी? इथला आचारी आईला म्हणला, "मावशी, वाटण आम्ही इथंच करतो, तुमचं कोळंबी न घालता वेगळं वाटलंय, फिश सॉस पण नाही, सोया सॉस घातलाय." मला तर तिथंच हॉटेल पटलं, कारण वाटण स्वतःच्या हातानं करणाराच असं छातीठोक सांगू शकतो.

सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, आमच्यासमोरच केलं. मातीचा उभा खल, लाकडी बत्ता. आधी लसूण अन् मिरची ठेचली, मग ताडाचा गूळ, शेंगदाणे, चवळीच्या शेंगा, टमाटे, शेवटी पपईचा लांब कीस, अन् तो ठेचायचा नाही, एका हातानं बत्ता हळू मारायचा अन् दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालचं वर करायचं, म्हणजे कीस करकरीत राहतो. वरून लिंबू. आई खुर्ची सोडून जवळ जाऊन बघत होती, मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळं तिच्या रोजच्या हाताखालचं! थायलंडच्या ईशान्येला ईसान म्हणून पठार आहे, पावसाचा तिथंही भरवसा नाही, तिकडं हे चिकट भातासोबत रोज खातेत. आमच्याकडच्या माणसाला ही चव लगेच लागते, तिखट कमी करायला सांगू नका.

तोम यम, म्हणजे आंबट-तिखट सूप, मशरूमचं घेतलं. मूळ कोळंबीचं, त्याला २०२४ मधी युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्यातला गवती चहा, गलंगल (आल्यासारखं एक मूळ) अन् लिंबाची पानं खायची नसतात, कढीपत्त्यासारखी बाजूला काढायची. अन् चॉपस्टिक मागू नका, थाई लोक भात चमच्यानं खातेत, काटा नुसता चमच्यात घास ढकलायला, चॉपस्टिक नूडल्सला.

शेवटी मँगो स्टिकी राइस. वाफवलेल्या चिकट भातात गोड अन् जराशी खारट नारळाची साय मुरवलेली, शेजारी आपल्या मराठवाड्याचा केसर आंबा. लईच भारी लागतं! आंबा संपला की हे बंद करतेत म्हणले, तेव्हा जायचं तर उन्हाळ्यातच जा, अन् व्हेज वाटणाचं आधी फोनवर सांगून ठेवा.