आतल्या मापावर पत्रे घेऊ नका

औसा तालुक्यात मी फॅब्रिकेशनची कामं घेतो. उन्हाळा लागला की रोज कुणाचा तरी फोन येतो, "दादा, सव्वीस बाय सोळाचं घर हाय, पत्रे किती लागतेत?" विचारणाऱ्यानं मनातल्या मनात हिशोब आधीच केलेला असतो. 26 गुणिले 16 म्हणजे 416 चौरस फूट. बारा फुटी पत्रा साडेतीन फूट रुंद, म्हणजे एका पत्र्यात 42 चौरस फूट. भागाकार केला की दहा पत्रे.

या घराला वीस पत्रे लागतात. बरोबर दुप्पट. सोयाबीनच्या पट्टीतून किंवा घरकुलाच्या हप्त्यातून पत्रे घेणाऱ्या माणसाला हे आधी कळायला पाहिजे. अर्धं घर झाकल्यावर मृगाच्या तोंडाशी कळून उपयोग नाही. म्हणून सगळा हिशोब मांडतो.

पहिली गोष्ट, माप आतलं सांगितलं जातं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. पण माणूस राहतो आत, त्यामुळं त्याला घर आतून माहीत असतं. पत्रा मात्र भिंतीच्याही बाहेर जातो. दोन फुटांची भिंत धरली तर 26 चे 30 होतात आणि 16 चे 20. म्हणजे 416 चे 600 चौरस फूट इथंच झाले. त्यात जुनी भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल याची खात्री नाही. एका टोकाला 20 फूट आणि दुसऱ्या टोकाला पावणेएकवीस, अशी घरं सर्रास सापडतात. म्हणून रुंदी दोन्ही टोकांना मोजा, लांबी दोन्ही बाजूंना मोजा, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर घर तिरकं आहे. अशा वेळी मोठं माप धरायचं आणि फरक वळचणीत जिरवायचा. पत्रा सरळच बसला पाहिजे. भिंतीच्या तिरकेपणामागं पत्रा नेला की शेवटच्या पत्र्याला पाचर कापावी लागते, आणि गळती तिथूनच सुरू होते.

मग वळचण. दगड-मातीच्या भिंतीवर पाऊस थेट पडला तर सांध्यातली माती धुऊन जाते. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत. मी दोन्ही पाख्यांना, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांना, दीड फूट वळचण सोडतो आणि लांबीच्या दोन्ही टोकांना एकेक फूट. सावलीसाठी तीन फूट सोडा म्हणणारे भेटतात, त्यांना मी नाही म्हणतो. वळवाचं वारं खालून घुसतं आणि जास्त बाहेर आलेला पत्रा उचलतं. आणि कृपा करून पत्र्यावर दगड ठेवू नका. वावटळीत पत्रा जातोच, आणि सोबत दगड खाली येतो. खाली लेकरं असतात.

आता उतार. दुपाखी घर, आढं लांबीच्या दिशेनं. एका पाख्याची आडवी लांबी म्हणजे निम्मी रुंदी 10 फूट आणि वळचण दीड फूट, मिळून साडेअकरा. उतार मी पाचास एक ठेवतो, म्हणजे पाच फुटांना एक फूट. साडेअकरा फुटांना तो 2.3 फूट होतो. शाळेतलं पायथागोरसचं गणित इथं कामाला येतं. साडेअकराचा वर्ग 132.25, 2.3 चा वर्ग 5.29, बेरीज 137.54, तिचं वर्गमूळ 11.73. गणित नको असेल तर कैची, म्हणजे छपराचा लोखंडी त्रिकोणी सांगाडा, उभी राहिल्यावर आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि दोरी मोजा. मी दोन्ही करतो. बारा फुटी पत्रा इथं तीन इंच शिल्लक ठेवून बसतो. उतार वाढवायचा तर पुन्हा मोजा, कारण चारास एक केला की बारा फुटी पत्र्यात जेमतेम दोन इंच उरतात, आणि तीनास एक केला की तो पुरतच नाही.

रुंदीत सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानात प्रोफाइल पत्रा साडेतीन फुटी म्हणून मिळतो आणि तो असतोही तेवढा, 1070 मिलिमीटर. पण शेजारच्या पत्र्यावर त्याची एक नळी चढते. झाकला जातो साधारण मीटरभरच, म्हणजे 3.3 फूट धरा. घराची लांबी 30, दोन्ही टोकांचा एकेक फूट धरून 32. भागिले 3.3, उत्तर 9.7. एका पाख्याला दहा पत्रे, दोन पाख्यांना वीस. पत्रा भरला 840 चौरस फूट, आणि आपण सुरुवात केली होती 416 पासून.

पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडं जायचं. पुढचा पत्रा मागच्यावर चढतो, त्यामुळं जोडाचं तोंड पूर्वेकडं राहतं आणि आपला पावसाळी वारा त्यात शिरत नाही.

पत्र्याखाली आडव्या जाणाऱ्या पाईपांचा हिशोब थोडक्यात. 0.45 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला दर चार फुटांच्या आत आधार पाहिजे. पावणेबारा फुटांच्या पाख्याला चार ओळी, दोन्ही मिळून आठ. 32 फुटांच्या आठ ओळी म्हणजे 256 फूट. पाईप वीस फुटी म्हणतात, म्हणून लोक तेरा आणतात. तो खरं तर सहा मीटरचा असतो, 19 फूट 8 इंच. तेरा पाईप टोकाला टोक जोडले तरी इंचभर कमी पडतं, आणि कापण्यात जातं ते वेगळंच. चौदा आणा. प्रत्येक पत्र्याला प्रत्येक ओळीवर चार स्क्रू धरले तर 320 होतात. आढ्याचा पत्रा आणि जोड धरून 400 घ्या. रबरी वॉशर चांगला बघून घ्या, पाणी तोच अडवतो.

सिमेंटचा पत्रा मी आता बसवत नाही. जुना कापताना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक आहे, आणि कामगार माझीच पोरं आहेत.

पत्रा उन्हात तापतो, माळवद, म्हणजे जुनं मातीचं छप्पर, थंड राहतं, हे खरं आहे. पण किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंपात माणसं झोपेत या माळवदाखाली आणि दगडाखाली गेली. याच 30 बाय 20 च्या घरावर फूटभर माती धरली तर 600 घनफूट होते. घनफुटाला 45 किलो धरले तरी 27 टन. वीस पत्रे मिळून 300 किलोच्या आसपास भरतात. म्हणून माळवद उतरवून भिंतींवर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतायला आणि कैची त्यात बोल्टनं जखडायला जो तयार होतो, त्याच्या हिशोबाला मी वाट्टेल तेवढा वेळ देतो. त्याला पत्रा नेमका, पुरेसा आणि खऱ्या जाडीचा मिळाला पाहिजे.

जाडी डोळ्यांना कळत नाही. माल उतरवण्याआधी एक पत्रा काट्यावर ठेवा. 0.45 चा बारा फुटी पत्रा पंधरा किलोच्या जवळपास भरायला हवा. बारा किलो भरला तर तो 0.35 चा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. तो गाडीतच राहू द्या.