उंच दांड्याचा गुलाब पायजे तर

मागच्या वर्षी नर्सरीतनं फोटो बघून गुलाब आणला, घरी लावल्यावर कळलं की हा फ्लोरिबंडा, म्हणजे आखूड दांडी आणि झुपक्यानं फुलं. दिसायला छान, पण फ्लॉवरपॉटमध्ये ठेवायला काय उपयोग. सरळ उंच वाढणारा, एका दांडीला एकच मोठं फूल असा पायजे असेल तर हायब्रिड टी मागायचा. माझ्याकडं आता ग्लॅडिएटर आहे, लाल, आणि गुलाबी क्वीन एलिझाबेथ, जी १९५४ ची जात, खरं तर ग्रँडिफ्लोरा, म्हणजे हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा यांच्या संकराची, पण उंचीला अशी की कुंडीत लावूच नका, जमिनीतच लावा आणि मागच्या बाजूला, नायतर पुढची सगळी झाडं झाकून टाकते.

दांडी लांब यायला छाटणी लागतेच. मी नोव्हेंबर संपताना करते, साधारण ४५-५० दिवसांत फुलं येतात म्हणजे बरोबर संक्रांतीच्या सुमाराला, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला. मुख्य कळीच्या बाजूच्या बारक्या कळ्या खुडायच्या, जिवावर येतं पण खुडायच्याच. आणि कलमाच्या जोडाखालनं फुटवा आला की लगेच काढा, तो जंगली असतो. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र फुलं बारकीच येणार, तेव्हा झाड जगलं तरी बास.