साइडिंग बदललं: माझा अनुभव, माझ्या चुकांसकट

घराचं साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं पट्ट्यांचं आवरण, बदलायचं हे आमच्याकडे तीन वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं की अजून एक वर्ष निघेल, आणि निघायचं पण. मग एका वादळी रात्री मागच्या भिंतीची वरची पट्टी निघाली आणि सकाळी अंगणात वाकडी होऊन पडलेली दिसली, तेव्हा म्हटलं आता बास.

तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. पहिल्याचं कोटेशन म्हणजे एका ओळीत "साइडिंगचं संपूर्ण काम" आणि खाली एकच आकडा. दुसऱ्याने ३४ स्क्वेअर धरले होते, तिसऱ्याने २७. सगळ्यात महागडं कोटेशन सगळ्यात स्वस्ताच्या जवळजवळ दीडपट, आणि घर तर तेच! या धंद्यात स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट हे पण मला तेव्हाच कळलं, त्याआधी मला वाटायचं की ते चौरस फुटाबद्दलच बोलतायत आणि २७ चौरस फुटात घर कसं काय झाकणार.

मग ठरवलं की स्वतः मोजायचं. लांबी टेपने मोजली, दोन भिंती ४० फुटी, दोन २८ फुटी. उंचीसाठी शिडी काढायला निघाले होते तर नवरा म्हणाला कशाला, ओळी मोज ना. आमच्या जुन्या साइडिंगची दिसणारी एक ओळ बरोबर ८ इंचांची होती आणि खालून वरपर्यंत २७ ओळी, म्हणजे २१६ इंच, म्हणजे १८ फूट. जमिनीवर उभं राहून पाच मिनिटांत झालं काम. सगळ्या भिंती मिळून २४४८ चौरस फूट आले, त्यातून गॅरेजचं मोठं दार १६ गुणिले ७ म्हणजे ११२ वजा केलं, राहिले २३३६. मी तर खूशच झाले की बघा, २७ स्क्वेअरवाला पण फसवतोय, आणि लगेच त्याला फोन लावून जरा तोऱ्यातच विचारलं की हे जास्तीचे साडेतीन स्क्वेअर कुठून आले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, छपराखालचे दोन त्रिकोण कोण करणार?"

फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन वर बघितलं तर खरंच, दोन्ही बाजूंना मोठे त्रिकोण, इतकी वर्षं डोळ्यासमोर आहेत. पाया २८, उंची ९ (परत ओळी मोजल्या, साडेतेरा भरल्या), एका त्रिकोणाचे १२६, दोन्हीचे २५२. आता एकूण २७०० आणि गॅरेजचं दार काढलं तर २५८८. खिडक्या मात्र वजा करायच्या नाहीत असं मी नंतर शिकले, कारण खिडकीभोवती कापताना जे तुकडे वाया जातात त्यात ती जागा बरीचशी भरून निघते. वर कापाकापीसाठी साधारण १० टक्के धरतात, घर फार कोपऱ्याकोपऱ्यांचं असेल तर १५. आमचं घर साधं खोक्यासारखं आहे, म्हणून १० धरले, झाले २८४७, म्हणजे २९ स्क्वेअर.

आता दोन्ही कोटेशनं उलगडली. ३४ वाल्याने गॅरेजचं दार वजाच केलं नव्हतं आणि वर सरळ २५ टक्के चढवले होते. २७ वाल्याने दार वजा केलं नव्हतं हे खरं, पण वाया जाणाऱ्या मालाचं काहीच धरलं नव्हतं, म्हणजे काम अर्ध्यावर आल्यावर "माल कमी पडला" म्हणून हा वेगळा हिशोब लावणार हे उघड होतं. स्वस्त दिसणारं कोटेशन असं स्वस्त असतं बघा.

पण हे झालं नुसतं क्षेत्रफळ. मला वाटत होतं की खर्च म्हणजे क्षेत्रफळ गुणिले भाव. तसं अजिबात नाहीये. पैसा जातो तो कोपऱ्यांत, खिडक्यांभोवती आणि जे आधी दिसत नाही त्यात. आमच्याकडे १४ खिडक्या आहेत. प्रत्येक साधारण ३ बाय ४ ची, म्हणजे चारी बाजूंची पट्टी १४ फूट, आणि त्यासाठी जो जे-चॅनल (खिडकीभोवती साइडिंगची कापलेली कड आत घेणारी पट्टी) मिळतो तो साडेबारा फुटाचा, म्हणजे एका खिडकीला एक पुरत नाही, जेमतेम दीड फुटासाठी दुसरा कापायचा. शिवाय कोपऱ्यांवर एकमेकांवर चढवायला थोडं जास्त लागतं ते वेगळंच. कोपऱ्याचे खांब १० फुटी, आमची भिंत १८ फूट, म्हणजे चार कोपऱ्यांना आठ खांब. खाली सुरुवातीची पट्टी, मागे हाऊस रॅप (साइडिंगखाली भिंतीला गुंडाळायचं पाणी अडवणारं कापड), पन्हळी काढून परत लावणं, दिव्यांच्या आणि नळांच्या मागचे ब्लॉक, दुसऱ्या मजल्यासाठी परांची, जुना माल उचलून नेणं. एकोळी कोटेशनवाल्याला विचारलं की यातलं तुमच्यात काय काय आहे, तर तो म्हणे "सगळंच आलं". मी म्हटलं मग लिहून द्या. दिलं नाही, विषय संपला.

मग मी स्वतःच एक यादी बनवली आणि उरलेल्या दोघांना तीच पाठवली, की याच २९ स्क्वेअरवर, याच मालावर, या प्रत्येक ओळीसमोर आकडा लिहा. नुसत्या एवढ्यावर ३४ वाल्याचा आकडा चांगलाच खाली आला आणि २७ वाल्याचा वर गेला. शेवटी दोघांत फरक फार थोडा राहिला आणि आम्ही पहिल्यांदा महाग वाटलेल्यालाच काम दिलं, कारण आलेल्या तिघांत भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावून बघणारा तो एकटाच होता.

हा स्क्रूड्रायव्हरचा प्रकार सांगते. आमच्या गॅरेजचं छप्पर उतरत येऊन घराच्या भिंतीपाशी संपतं, तिथे खाली साइडिंगची एक पट्टी जराशी फुगली होती. मी ती रोज बघत होते, काही वाटलं नाही. त्याने पट्टी खालून सोडवली, मागच्या प्लायवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हलकंच ढकलला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. ओल्या मातीत जावा तसा. बाहेर काढला तर टोकाला काळा भुगा आणि कुबट वास. माझ्या पोटात गोळाच आला. तो म्हणाला की साइडिंगचा यात दोष नाही, छपराचं पाणी जिथे संपतं तिथे एक वाकवलेली पत्र्याची पट्टी लागते, किकआउट फ्लॅशिंग, ती पाण्याला भिंतीपासून लांब पन्हळीत ढकलते. आमच्याकडे ती लावलेलीच नव्हती. तळहाताएवढा पत्रा, पण तो नसल्यामुळे इतकी वर्षं सगळं पाणी भिंतीच्या आत.

त्यामुळे करारात आम्ही एक गोष्ट आधीच लिहून घेतली, कुजलेलं प्लाय निघालं तर एका ४ बाय ८ च्या शीटला मजुरीसकट किती. जुनं साइडिंग काढल्याशिवाय मागे काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही, पण भाव आधी ठरवता येतो. भिंत उघडी पडल्यावर ठरवायला गेलात की तुमच्या हातात काही राहत नाही. आम्हाला शेवटी पाच शीट लागल्या. पाचच्या पाच त्याच कोपऱ्यात.

मालाचं म्हणाल तर मला मनातून फायबर सिमेंट (धागे मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्या) हवं होतं. दिसायला छान, आगीला घाबरत नाही. पण वजन भरपूर, एक लांब फळी धरायलाच दोन माणसं लागतात, कापताना सिलिकाची धूळ उडते म्हणून खास पातं आणि मास्क, आणि पुढे कधीतरी रंग आलाच. म्हणजे मजुरीच चढते. लाकडाचा तर विचारच सोडला, दर काही वर्षांनी रंगकाम कोण करणार. शेवटी व्हिनाइल (म्हणजे प्लास्टिकचं) घेतलं पण पातळवालं नाही, ते साधारण ०.०४० इंचाचं असतं, आम्ही ०.०४४ घेतलं. ऐकायला फरक काहीच नाही पण हातात पट्टी धरली की कळतं, पातळवाली लगेच लटकते. मागे फोम चिकटवलेलं महागडं व्हिनाइल पण दाखवलं होतं, ते नाही घेतलं. त्या फोमची इन्सुलेशन व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती अडवते तो आकडा, साधारण आर-२ ते आर-३, म्हणजे कमीच, त्यापेक्षा तेच पैसे माळ्यावर इन्सुलेशन घालायला वापरले. रंग पण फिकट आणि नेहमीच्या स्टॉकमधला. गडद रंगांचा भाव जास्त, उन्हात विटलेलं लवकर दिसतं आणि काही खास रंग मागवायला लागतात.

वेळेचा पण फायदा झाला. सगळे जेव्हा कामं काढतात त्या हंगामात आम्ही थांबलो, गर्दी ओसरल्यावर तारीख घेतली आणि थोडी सूट मिळाली. पण फार थंडीपर्यंत पण थांबू नका, गारठ्यात व्हिनाइल ठिसूळ होतं, कापताना तडकतं.

आता माझी मोठी चूक. पैसे वाचवायला जुनं साइडिंग आम्हीच काढायचं ठरवलं, कॉन्ट्रॅक्टरने त्या ओळीचे पैसे वजा केले. (आधी एक: घर खूप जुनं असेल तर साइडिंगमध्ये ॲस्बेस्टॉस किंवा रंगात शिसं असू शकतं, तपासल्याशिवाय हात लावू नका, आम्ही तपासून घेतलं होतं.) एका वेळी एकच भिंत असं आम्हाला बजावून सांगितलेलं. पहिली भिंत इतकी पटापट निघाली की आम्हाला चेव चढला आणि त्याच दिवशी दुसरी पण सोलली, आणि संध्याकाळी आकाश भरून आलं. रात्री अकरा वाजता मी टॉर्च धरून उभी, नवरा शिडीवर ताडपत्री ठोकतोय, ताडपत्री एका बाजूने ठोकली की दुसऱ्या बाजूने उडतेय. झोप तर नाहीच, वर जुना हाऊस रॅप फाटला होता तिथून पाणी गेलं आणि दोन दिवस भिंत सुकायची वाट बघत मजूर थांबले, त्याचे पैसे द्यावे लागले. म्हणजे वाचवलेल्यातले निम्मे तिथेच गेले. परत करायची वेळ आली तर मी तोडणं त्यांच्यावरच सोडेन.

काम चालू असताना एक गोष्ट मी रोज करायचे, लावलेली पट्टी दोन्ही हातांनी धरून डावी उजवीकडे सरकवून बघायची. सरकली पाहिजे. व्हिनाइल उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, १२ फुटाची पट्टी सहज अर्धा इंच मागेपुढे होते, म्हणून खिळा खाचेच्या मधोमध आणि पूर्ण न ठोकता थोडा वर ठेवायचा, टोकाला पाव इंच जागा सोडायची. एक नवीन मुलगा दणादण गच्च ठोकत होता, त्याच्या चार ओळी हलतच नव्हत्या. मी मुकादमाला दाखवलं, त्याने काही न बोलता त्या काढून परत लावल्या. तशाच राहिल्या असत्या तर पहिल्या उन्हाळ्यात लाटा आल्या असत्या आणि कंपनीच्या वॉरंटीत चुकीचं लावलेलं धरत नाहीत.

पैसे टप्प्याटप्प्याने दिले, शेवटचे १५ टक्के सगळं फिरून बघितल्यावर. फिरताना काय सापडलं, तर पन्हळीच्या उतरत्या पाइपचा एक पट्टा लावायचा राहिला होता, आणि हसू नका, तो किकआउट पत्रा! नवीन साइडिंग चकाचक आणि ज्याच्यामुळे हे सगळं रामायण घडलं तोच जागेवर नाही. दुसऱ्या दिवशी येऊन लावला, मग चेक दिला.

१५ खोकी आली होती, एका खोक्यात २ स्क्वेअर. एक न फोडलेलं परत केलं, अर्धं उरलेलं गॅरेजच्या माळ्यावर आडवं ठेवलंय. सहा महिन्यांनी मुलाच्या चेंडूने समोरची एक पट्टी फुटली. हुकासारखं एक साधं हत्यार मिळतं, त्याने वरच्या पट्टीची कड चेनसारखी उघडत जायची, फुटलेली काढायची, नवीन अडकवायची, परत कड बंद. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास ते हत्यार कुठे ठेवलंय ते शोधण्यात. नवी पट्टी आजूबाजूच्यांपेक्षा किंचित उजळ दिसते, पण मी दाखवल्याशिवाय अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.