नाशिक की बेंगळूर, हे पुन्हा विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. बेळगावजवळच्या खानापूरकडची नात्यातली माणसं असतात, कुणी नुसतं मराठी म्हणून नंबर मिळवलेलं. मुलीला नर्सिंगला घालायचंय, नाशिकच्या विद्यापीठाचं कॉलेज बघू की बेंगळूरच्या? आणि पाच मिनिटांत मूळ प्रश्न येतोच: ‘तुमचे बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी पुढं, आणि तुम्ही कर्नाटकाच्या विद्यापीठात कशा गेलात?’

आजवर मी एकच उत्तर देत आले. बेंगळूरचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1996चं, नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998चं. संलग्न कॉलेजांच्या परीक्षा घ्यायच्या आणि पदवी द्यायची, हे दोघांचंही मुख्य काम. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवतं. दोन्हीकडे चार वर्षं, दोन्हीकडे इंग्रजी. कर्नाटकात शिकून महाराष्ट्रात नोकरी करायची तर इथल्या, म्हणजे कर्नाटकाच्या, नर्सिंग कौन्सिलचं ना-हरकत पत्र घेऊन तिकडं नोंदणी करता येते. मी स्वतः केली आणि मिरजेत दोन वर्षं काम केलं. म्हणून विद्यापीठाचं नाव बघू नका. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, त्याच्या खाटा भरलेल्या असतात का, ते बघा. वॉर्डात पेशंटच नसतील तर मुलगी चार वर्षं पुतळ्यालाच इंजेक्शन देत राहील.

यातलं काहीही खोटं नाही. पण मी अशी निवड केलीच नव्हती. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात मेडिकलच्या मोजक्या राखीव जागा असतात. तिथवर माझे मार्क पोचत नव्हते. कोल्हापूरला नर्सिंगला जायचं तर हॉस्टेल आणि मेस आली. बेंगळूरच्या विद्यापीठाचं बेळगावातलं कॉलेज घरापासून बसच्या अंतरावर. शिवाय मला घर सोडायची भीती वाटत होती, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बाबा म्हणाले, ‘कानड्यांच्या सर्टिफिकिटावर जगणार काय तू?’ मी म्हटलं, परीक्षा इंग्रजीत आहे, भाषेचा संबंधच कुठं येतो? अठरा वर्षांची होते. हे वाक्य मला फार हुशारीचं वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सर्जिकल वॉर्डात माझी संध्याकाळची पोस्टिंग होती. सौंदत्ती तालुक्यातले एक आजोबा, कमरेत भूल देऊन दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याबरोबरचा मुलगा खाली औषधं आणायला गेलेला. आजोबा सारखे हात हलवून बोलवत होते. जवळ गेले तर म्हणाले, ‘उच्ची बरवल्दु, यव्वा.’

शाळेत दहावीपर्यंत मला कन्नड होतं. घोकून पास झाले होते. त्यातलं ‘बर’ एवढंच ओळखीचं वाटलं, काहीतरी येतंय. आणि ‘उच्ची’ म्हणजे उचकी, असं मी धरून चालले. पाणी चालू करायला सांगितलेलंच होतं, म्हणून घोटघोट पाणी पाजलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच, पुन्हा पाणी. ते ओटीपोटाकडे हात नेत होते, मला वाटलं टाके दुखतात. केसपेपरवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: उचकीची तक्रार, पाणी दिले.

रात्री ड्यूटीवरच्या सिस्टर आल्या. त्यांनी चादर बाजूला करून बेंबीखाली हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. उच्ची म्हणजे लघवी. ‘बरवल्दु’ म्हणजे येत नाही. कमरेतल्या भुलेनंतर लघवी अडणं नेहमीचंच, मी ते परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. कॅथेटर घातला. पिशवीत लिटरभराची खूण ओलांडून गेली. सिस्टरनी मला माझी नोंद मोठ्याने वाचायला लावली. त्या मराठीच होत्या. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला माफी मागायला त्यांच्या भाषेत शब्द नव्हता.

त्यानंतर मी कन्नड शिकले. पुस्तकातलं नव्हे, वॉर्डातल्या मदतनीस आयांकडून आणि पेशंटच्या बायकांकडून. 2019 पासून एमबीबीएसच्या मुलांना सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्येच स्थानिक भाषा शिकवतात असं वाचलं, तेव्हा बरं वाटलं आणि रागही आला.

लगेच म्हणू नका की ‘बघा, कोल्हापूरला गेली असतीस तर असं झालं नसतं.’ हे मीही स्वतःला बरेचदा म्हटलंय. पण मिरजेला माझ्या वॉर्डात कर्नाटकातल्या अथणी, रायबागचे पेशंट होतेच. आणि बेळगावच्या दवाखान्यांत महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजची माणसं येतात, त्यांच्याशी कन्नड सिस्टर अडखळत बोलतात. पेशंट हद्द बघून येत नाही. उलटं ‘म्हणजे कर्नाटकातच शिकायला हवं’ असंही माझ्याकडून वदवून घेऊ नका. आपल्या भाषेत शिकवणाऱ्या, आपल्या भाषेत रागावणाऱ्या माणसांत चार वर्षं काढली असती तर मी कशी झाले असते, हे मला खरंच माहीत नाही. त्याची हळहळ आहे. बाबांना उच्चीची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं ते म्हणतील, आणि ते ज्या कारणासाठी म्हणतील ते कारण मला मान्य नाही.

यंदा भावाची मुलगी बारावी झाली. ‘आत्या, नाशिक की बेंगळूर?’ तिचे दोन्हीकडचे फॉर्म मी भरून दिलेत. फॉर्म भरताना तिला सहज विचारलं, उच्ची म्हणजे काय गं? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, ‘उचकी?’