टोपीखालचा एस

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलेलं, आणि शेजारी दहावीतली भाची फ्रेंचचे शब्द घोकत बसलेली. (मार्क मिळतात म्हणून फ्रेंच. पुण्यात याहून वेगळं कारण कुणी विचारत नाही.) "ओपिताल, ओपिताल..." मी डोळे न उघडता विचारलं, "हे कसलं औषध?"

"हॉस्पिटल रे मामा!"

वहीत बघितलं तर ओच्या डोक्यावर छोटीशी टोपी आणि पुढचा एस गायब. "टोपी दिसली ना, की बहुतेक वेळा समजायचं, इथे पूर्वी एस होता," असं सांगून ती पुढच्या शब्दाकडे गेली. माझी झोप मात्र उडाली.

व्यंजनाआधीचा हा एस बोलताना तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गळून गेला होता. लिहिताना तो पुढे काही शतकं तसाच राहिला, माळ्यावरच्या ट्रंकेसारखा. शेवटी १७४० साली फ्रेंच अकादमीने कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढला आणि त्याच्या जागी टोपी ठेवली. इंग्रजांनी फॉरेस्ट, फीस्ट हे शब्द त्याच्या कितीतरी आधी उचलले, म्हणून त्यांच्याकडे एस शाबूत. फ्रेंचांकडे उरलं नुसतं फोरे आणि फेत. हॉस्टेलही तसंच जुन्या खेपेतलं. काही शतकांनी इंग्रज पुन्हा त्याच दारात गेले आणि तोच शब्द एसशिवाय घेऊन आले: हॉटेल. चार वर्षं मी हॉस्टेलच्या मेसला कंटाळून हॉटेलात जेवलो, आणि दोन्ही एकच आहेत हे मला आज कळतंय.

तसं आपण तरी तो जसाच्या तसा कुठे ठेवला? हॉटेल म्हणजे मिसळ, कांदाभजी, ओलं फडकं फिरवलेलं टेबल. मुक्कामाला लॉज. कुणी "हॉटेलवर उतरलोय" म्हणालं की मला अजूनही वाटतं, हा आता बाकड्यावर पथारी पसरणार. फ्रेंच लोक तर नगरपालिकेच्या इमारतीलाही ओतेल म्हणतात. पॅरिसच्या सगळ्यांत जुन्या रुग्णालयाचं नाव ओतेल-द्यू, म्हणजे देवाचं ओतेल.

आमचे आजोबा इस्पितळ म्हणायचे. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, एस ठणठणीत. दवाखाना वेगळा, तिथे बाटलीतलं लाल औषध मिळायचं आणि तासाभरात घरी. आजोबा इस्पितळ म्हणाले की घरातले आवाज खाली यायचे.

आजी तिथे असताना एकदा डबा घेऊन मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आत सोडायला वेळ होता. फाटकासमोरच्या हॉटेलात त्यांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः चहासुद्धा घेतला नाही, आणि डबा मांडीवर धरून समोरच्या खिडक्यांकडे बघत राहिले.