मॅडम, काहीतरी चांगलं द्या

देवघेवीच्या टेबलाशी बसायला लागून मला १६ वर्षं झाली. तालुक्याचं गाव, 'ब' वर्गाचं वाचनालय. संध्याकाळी सभासद आले की सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, काहीतरी चांगलं द्या."

सुरुवातीला मी चांगलं म्हणजे पुरस्कार मिळालेलं असं धरून चालायचे. साहित्य अकादमी, राज्य वाङ्मय पुरस्कार, ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य यादी, सगळं टेबलाच्या खणात असायचं. एका काकूंना अशीच एक नावाजलेली कादंबरी दिली. त्यांचे यजमान जाऊन तीन महिने झाले होते, घर खायला उठतं म्हणून त्या पुन्हा वाचनालयात यायला लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत आलं. टेबलावर ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, "यातलेही शेवटी जातात हो." मी ती कादंबरी वाचलेली होती. त्यांच्या घरची परिस्थितीही मला माहीत होती. तरी पुस्तक हातात देताना दोन्हींची सांगड घालायचं मला सुचलं नाही, आणि ते मला फार लागलं.

त्या रात्री मी एक २०० पानी वही केली. आमच्याकडची पुस्तकं, आणि प्रत्येकापुढे यादीत कधीच नसतं ते. "पहिली ४० पानं संथ, मग सोडवत नाही." "टाइप बारीक, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना नको." "घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर देऊ नये." "प्रवासात चालेल, कुठूनही उघडावं." सभासद पुस्तक परत करताना उभ्याउभ्या जे बोलतात, तेही त्याच ओळीत लिहिते. पुस्तक कुठे सोडलं हे माणसं न विचारता सांगतात, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

दुसरी सवय विचारण्याची. "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलं की माणसं बुजतात. मी विचारते, "मागचं कुठलं आवडलं, आणि त्यातलं काय आवडलं?" आमचे एक सभासद एसटीतून निवृत्त झालेले चालक, त्यांना मी मामा म्हणते. शिवकाळावरची कादंबरी आवडली म्हणाले, म्हणून मी ऐतिहासिक कादंबऱ्या देत गेले आणि ते न वाचता परत आणत गेले. शेवटी नीट विचारलं, तर त्यांना भावल्या होत्या रात्रीच्या घाटवाटा, गडाच्या चढणी. दरबारातली कारस्थानं ते चाळून सोडून देत. मग त्यांना सह्याद्रीतल्या भटकंतीची पुस्तकं दिली. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात मराठी कादंबरी ८९१.४६३ला आणि प्रवास ९१०च्या आसपास, म्हणजे आमच्याकडे एक कपाट दाराशी आणि दुसरं पार मागच्या खोलीत. त्या खोलीत मामा कधी गेलेच नव्हते. मी स्वतः घेऊन गेले.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धांत आम्ही प्रमाणपत्र परीक्षेसाठी घोकले होते. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' सगळ्यांना आठवतं. त्याच्या पुढचा, 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक', मागे पडतो. म्हणून दर शनिवारी मी एक कपाट घेते आणि पुस्तकात चिकटवलेला तारखांचा कागद बघते. ज्यावर पाच-सहा वर्षांत शिक्का पडलेला नाही, अशी दहाएक पुस्तकं काढून, धूळ पुसून, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी ठेवते. तो ढीग लोक आधी बघतात, दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं म्हणजे बरं असणार हा विश्वास. दहातली तीन-चार जातात. २०११नंतर एकदाही घरी न गेलेलं एक आत्मचरित्र गेल्या वर्षी पाच जणींनी वाचलं.

बाहेरच्या साधनांत माझा सगळ्यात मोठा आधार दिवाळी अंकांचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि ग्रंथपालाला ती आयती चाचणी आहे. अंक परत करताना मी कुठली कथा आवडली ते विचारते, आणि त्या लेखकाचं पुस्तक कपाटात असेल तर तिथल्या तिथे हातात ठेवते. एरवी नव्या लेखकाला हात न लावणारी माणसंही असं पुस्तक नेतात. 'ललित' मासिकातली 'चोखंदळ वाचकांची निवड' मी खरेदीच्या वेळी बघते. आणि कुणी आजीच्या तोंडून ऐकलेलं अर्धवट नाव घेऊन आलं, तर शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीला पर्याय नाही. पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं सांगतो. एका माणसाने केलेलं ते काम हातात घेतलं की दर वेळी मन भरून येतं.

काकू आता दर मंगळवारी येतात. मधली दोन वर्षं त्यांना बागकामाची आणि पक्ष्यांची पुस्तकं दिली, कादंबरी त्यांनी आपणहून मागितली तेव्हाच दिली.

सध्या मी अडले आहे ती नववी-दहावीच्या मुलांपाशी. बालविभागातलं त्यांना लहान वाटतं, मोठ्यांचं हातात घ्यायला ती बिचकतात, आणि मधलं मराठीत फार थोडं सापडतं. माझ्या वहीत त्या वयाचं जेमतेम दीड पान भरलं आहे. तुमच्यापैकी कुणी वाचनालयात काम करत असाल आणि अशी वही ठेवत असाल, तर तुमची ती पानं मला वाचायला हवी आहेत.