शॉव्हेल नाईट, नोंद चौथी: पोलर नाईट पडला, सोनं जहाजातच राहिलं

मंडळी, शॉव्हेल नाईट या व्हिडिओ गेममधले आठपैकी सात शत्रू सरदार हरवून झाले. काल रात्री पोलर नाईटला आडवा केला. आता प्रोपेलर नाईटचं उडतं जहाज आणि मग शेवटचा टॉवर ऑफ फेट, एवढंच उरलंय. मागच्या नोंदीत टिंकर नाईटपाशी अडकलो होतो, तो दुसऱ्याच दिवशी झाला. पहिल्या डावात नट कसायचे पाने फेकणारं बारकं पोर वाटतं, मग पडदाभर यंत्र घेऊन अंगावर येतं. तिथं घाबरायचं नाही, त्या यंत्रावर चढायला वाट सापडते.

सध्या गेमला वेळ मिळतोय, कारण कोल्हापुरात पाऊस हटायला तयार नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, रंकाळ्यावरचं संध्याकाळचं फिरणं बंद आहे. आठ वाजता जेवण उरकायचं, कंट्रोलर लावायचा आणि कानाला हेडफोन.

आधी खाली मारायच्या घावाबद्दल लिहितो, कारण गेल्या महिन्यात खरी प्रगती तिथंच झाली. उडी मारून हवेत खाली दाबलं की आपला सरदार, म्हणजे शॉव्हेल नाईट, खोरं उभं धरतो आणि शत्रूच्या डोक्यावर टप्पा घेऊन परत वर उसळतो. जुन्या निन्टेन्डो गेम यंत्रावरचा 1989 सालचा डकटेल्स खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथं स्क्रूज काका काठीवर असेच उसळायचे. माझी चूक अशी होत होती की टप्पा घेतल्यावर घाईनं हल्ल्याचं बटण दाबायचो. मग खोरं आडवं फिरतं, खालचा घाव सुटतो आणि सरदार सरळ खड्ड्यात.

थोरला भाऊ तालमीत जायचा तेव्हा पहाटे हौदा खणायची पाळी त्याच्यावर असायची. ताक, तेल, हळद, लिंबू घातलेली ती लाल माती, आणि मी कट्ट्यावर बसून बघायचो. तो म्हणायचा, "वरून जोर लावू नकोस, खोरं आपल्या वजनानं पडू दे." तीस वर्षांनी ते वाक्य इथं कामाला आलं. अंगठा हल्ल्याच्या बटणावरून उचलला, नुसता डावी-उजवीकडं तोल सांभाळला, आणि टिंकर नाईटच्या क्लॉकवर्क टॉवरमध्ये ज्या जागी पन्नास वेळा मेलो होतो ती पहिल्या झटक्यात पार झाली.

आता पोलर नाईटच्या जहाजाचं, म्हणजे स्ट्रँडेड शिपचं सांगतो. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी: या गेममध्ये चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर परत जिथून उठायचं ती जागा, हा उजेडाचा काचगोळा असतो. तो खोऱ्यानं फोडला तर आतून सोनं मिळतं, पण चेकपॉइंट जातो. मेलात की जवळच्या सोन्याचा एक हिस्सा पंखवाल्या पिशव्यांत भरून, मेलात त्याच जागी तरंगत राहतो. परत जाऊन घ्या. त्याआधी पुन्हा मेलात तर गेल्या पिशव्या. शिक्षा आणि हाव एकाच धाग्यात ओवणारं इतकं नेटकं गणित मी उड्या मारत पुढं जायच्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितलेलं नाही. लाइव्ह्ज नाहीत, गेम ओव्हर नाही, तरी प्रत्येक उडीला छाती धडधडते.

परवा माझ्याकडं साडेचार हजारांवर सोनं होतं. स्ट्रँडेड शिपमध्ये शिरलो आणि दिसेल तो गोळा फोडत सुटलो, खोऱ्यानं पैसा ओढायचा म्हणतात तसा. बर्फावर पाय घसरतो हे विसरलो. काट्यांवर गेलो आणि थेट लांब मागं उठलो. परत चालत आलो तर तीन पिशव्या अगदी खड्ड्याच्या मधोमध. दोन झेलल्या. तिसरीसाठी उडी मारली, पिशवी हाताला लागली आणि मी खाली गेलो. असं चार वेळा झालं. शेवटी हजाराच्या वर सोनं तिथंच राहिलं. फायनल गार्ड चिलखत घेतलं असतं तर मरताना कमी सांडलं असतं. ते आता पहिलं घेणार.

पोलर नाईट मात्र मनापासून आवडला. त्याच्याही हातात फावडंच, आपल्यापेक्षा मोठं. पायाखालचा बर्फ तो उपसतो आणि खालचे काटे उघडे पडतात, म्हणजे उभं राहायची जागाच कमी होत जाते. सुरुवातीला लांब पळत होतो, तिथंच चुकत होतं. त्याच्या डोक्यावर राहायचं, टप्प्यावर टप्पा, आणि अगदीच अंगावर आला की फेज लॉकेट. क्षणभर अंगाला काही लागत नाही, तेवढ्यात पलीकडं.

संगीताबद्दल प्रत्येक नोंदीत लिहितो, आजही लिहितो. जेक कॉफमननं हे सगळं कोनामी कंपनीच्या जुन्या व्हीआरसी6 या आवाजाच्या चिपचा बाज धरून रचलंय, आणि दोन रचना मेगा मॅन या जुन्या गेमच्या संगीतकार मनामी मात्सुमाए यांच्या आहेत. चित्रांचंही तसंच, जुन्या निन्टेन्डोच्या रंगांत चारच रंग जास्तीचे घातलेत. मात्र त्या यंत्रावर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलती छोटी चित्रं) मावायचे, नववा आला की चित्र लुकलुकायचं. इथं ते मुद्दाम ठेवलेलं नाही. मला हे पटतं. लहानपणी मंगळवार पेठेत तासावर भाडं देऊन टीव्ही गेम खेळायचो, ते आठवतं तेव्हा लुकलुक आठवतच नाही, रंग आठवतात. 2013 साली गेम बनवणाऱ्या यॉट क्लब गेम्सनं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर 75,000 डॉलर मागितले होते, लोकांनी 3,11,502 दिले, आणि 26 जून 2014 ला गेम आला. ते पैसे कुठं गेले हे प्रत्येक पडद्यावर दिसतं.

पोलर नाईटनंतर सरदार शेकोटीपाशी झोपला आणि पुन्हा ते स्वप्न आलं. आधी शत्रूंच्या लाटा, मग सगळं संथ होतं आणि त्याची हरवलेली साथीदार शील्ड नाईट आभाळातून खाली पडायला लागते. तिच्याखाली पळत जायचं आणि झेलायचं, बस्स. पुतण्या शेजारी पांघरूण घेऊन बसला होता, सहावीत आहे. "काका, पळ, पळ, उजवीकडं!" दोन वेळा हुकली होती मागच्या स्वप्नांत. या वेळी उडी वेळेवर लागली, ती हातात आली आणि लगेच सरदार जागा झाला, शेकोटीपाशी एकटाच.

पुतण्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या मी येईपर्यंत विमानाचा लेव्हल सुरू करू नकोस." उद्या त्याची शाळा पावसानं बंद आहे, त्यामुळं सकाळीच बसू. गोळे फोडायचे नाहीत असं आमचं ठरलंय.